कोल्हापुरातून व्यावसायिक गोल्फपटू होताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोल्हापूर परिसरातल्या पालकांसाठी आहे. कुणाचं मूल गोल्फ खेळतंय, तर कुणी अजून "घालावं का या खेळात?" अशा विचारात आहे. मी पुण्यात कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी उचलणारा, म्हणून सुरुवात केली, पुढे शिकवायला लागलो आणि आता इकडच्या मुलांना खेळाची पहिली पायरी शिकवतो. प्रश्न पालकांनीच विचारलेले आहेत, काही फोनवर, काही मैदानाच्या कडेला उभं राहून. उत्तरात जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावं.

कोल्हापुरात राहून व्यावसायिक गोल्फपटू होता येईल का?

सुरुवात नक्की होईल. शेवटपर्यंत इथेच राहून मात्र होणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

बारा-तेरा वर्षांच्या वयापर्यंत जे शिकायचं असतं त्यातलं बरंचसं घरी आणि गावात होतं. पकड, उभं राहण्याची पद्धत, पटिंग (चेंडू जमिनीवरून होलात ढकलणं), चिपिंग (जवळून हलकेच उडवणं), नियम, व्यायाम या सगळ्याला मोठं मैदान लागत नाही. त्यानंतर मात्र पूर्ण १८ होलचा कोर्स, म्हणजे गोल्फचं मैदान, मुलाच्या पायाखालचा व्हावा लागतो. चढावर चेंडू ठेवून कसा मारायचा, वारा समोरून असेल तर कुठली क्लब, म्हणजे काठी, काढायची, बंकरमधल्या (कोर्सवरच्या मुद्दाम केलेल्या खड्ड्यातल्या) ओल्या वाळूतून चेंडू कसा काढायचा हे जाळीत मारून कळत नाही. त्यासाठी पुणं गाठावं लागतं. म्हणजे हायवेनं सुमारे २३० किलोमीटर. येरवड्याचा पूना गोल्फ क्लब जुना आहे, शिवाय पुण्याच्या आसपास आणखी कोर्स आहेत. नवी मुंबईत सिडकोनं उभारलेला खारघर व्हॅली कोर्स आहे, तिथे सभासद नसलेल्यालाही पैसे भरून खेळता येतं.

गाव सोडून खेळात नाव काढणं आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे लहानपणीच घर सोडून क्रीडा प्रबोधिनीत गेले, पुढे रेल्वेत नोकरी करत नेमबाजी केली आणि २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. वीरधवल खाडे पोहण्याच्या सरावासाठी बंगळुरूला गेले. गोल्फलाही तसंच आहे. फरक एवढाच की गोल्फसाठी शासनाची प्रबोधिनी तुमच्या मुलाला शोधत येणार नाही. घरालाच ठरवावं लागेल.

माझं मत विचाराल तर तेराव्या वर्षाआधी अख्खं घर हलवू नका. सुट्ट्यांमध्ये महिनाभर पुण्यात नातेवाइकांकडे ठेवा. मूल पहाटे पाचला स्वतःहून उठून पिशवी खांद्याला लावतंय का, हे त्या महिन्यात दिसतं.

हा श्रीमंतांचाच खेळ ना? आमच्यासारख्यांनी कशाला नाद करायचा?

महाग खेळ आहे, यात वाद नाही. पण भारतातल्या व्यावसायिक गोल्फचा इतिहास पाहिला तर त्यात कॅडींची आणि कोर्सवर राबणाऱ्यांच्या मुलांची नावं ठळक आहेत.

अली शेर दिल्लीत कॅडी होते. १९९१ मध्ये त्यांनी इंडियन ओपन जिंकली आणि ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक ठरले. १९९३ मध्ये पुन्हा जिंकली. त्याआधी १९६५ मध्ये पी. जी. सेठी यांनी ती जिंकली होती, पण ते हौशी खेळाडू होते. शिवशंकर प्रसाद चौरसिया यांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात ग्रीनकीपर, म्हणजे हिरवळ राखणारे, होते. मुलगा तिथेच वाढला, कॅडी झाला, बघून बघून शिकला आणि २००८ मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपनही त्यांचीच. बंगळुरूजवळच्या एका खेड्यात वाढलेले चिक्करंगप्पा लहानपणी शेजारच्या कोर्सवर चेंडू गोळा करायचे. पुढे देशातल्या वरच्या खेळाडूंत गेले.

ही नावं ऐकून पालकांना धीर येतो, यायलाही हवा. पण या तिघांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी आहे आणि ती नजरेतून सुटते. तिघांचंही घर कोर्सच्या जवळ होतं. पैसा नव्हता, पण हिरवळ रोज समोर होती. म्हणून मी पालकांना सांगतो, आधी अंतराचा विचार करा आणि मग पैशाचा. लाखाचा सेट घेऊन दिलेलं मूल कोर्सवर वर्षातून चारदा जात असेल, तर जुन्या क्लबनं रोज खेळणारं मूल त्याला सहज मागे टाकतं. तुमच्याकडे मर्यादित रक्कम असेल तर ती सामानावर कमी आणि पुण्यातल्या राहण्यावर, कोर्सच्या फीवर जास्त खर्च करा.

कुठल्या वयात सुरू करावं?

सात ते दहा हे चांगलं वय. चौदाव्या वर्षी सुरू केलं तर जमणारच नाही असं नाही, पण मग सोबतीची मुलं स्पर्धा खेळत असतात आणि आपलं मूल पकड शिकत असतं, ते सोसायची तयारी हवी. पेठेतल्या तालमीकडून फुटबॉल खेळणारं, पोहणारं मूल असेल तर ते बंद करू नका. कंबर, पाय आणि तोल तिथेच तयार होतो. लहान वयात फक्त गोल्फ खेळणाऱ्या मुलांच्या पाठीची आणि मनगटाची दुखणी लवकर सुरू होतात.

घरी सराव करता येतो म्हणता, तो नेमका कसा?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण कोल्हापूरच्या मुलाची खरी कमाई इथेच आहे.

पूर्ण कोर्सचा पार, म्हणजे चांगल्या खेळाडूला लागावेत इतके फटके, बहुधा ७२ असतो. प्रत्येक होलच्या पारमध्ये ग्रीनवरचे (होलभोवतीच्या बारीक गवतावरचे) दोन पट धरलेले असतात. अठरा होलचे झाले ३६. म्हणजे पारमधले निम्मे फटके पटरनं, म्हणजे पटिंगच्या क्लबनं, मारायचे असतात आणि पटरला ना ताकद लागते ना मैदान. आपल्याकडे कोर्स नाही ही अडचण खेळाच्या उरलेल्या अर्ध्या भागाला आहे. पटिंगचा अर्धा भाग सोप्यात सतरंजी पसरूनही तयार होतो.

गोल्फच्या होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. हार्डवेअरच्या दुकानात ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप मिळतो. तोच, जो घराच्या सांडपाण्याला वापरतात. त्याचा वीतभर तुकडा कापून अंगणात जमिनीबरोबर पुरा. पाईपची जाडी जाऊन आतलं तोंड खऱ्या होलपेक्षा थोडं लहान राहतं, ते सरावाला चांगलंच. मातीचं अंगण असेल तर शेणानं सारवून घ्या, चेंडू सरळ पळतो. फरशी असेल तर दाट विणीची सतरंजी टाका आणि होलच्या जागी खडूनं गोल काढा.

मग पटरच्या तोंडापेक्षा जेमतेम रुंद अशी फट ठेवून दोन खिळे ठोका, किंवा दोन पेन्सिली उभ्या करा. पटर खिळ्याला न लागता त्या फटीतून गेला पाहिजे. तीन फुटांवरून लागोपाठ पंचवीस चेंडू होलात घालायचे, एक चुकला की पुन्हा एकपासून. पहिल्या आठवड्यात मुलं सात-आठवर अडकतात. वीस-बाविसाव्या चेंडूला हात थरथरायला लागतो आणि तोच या सरावाचा हेतू आहे. स्पर्धेतला शेवटचा पट असाच असतो.

चिपिंगसाठी शेताच्या बांधाजवळचा कमी उंचीच्या गवताचा तुकडा पुरतो. दहा-पंधरा पावलांवर घमेलं ठेवा आणि चेंडू उडवून त्याच्या अलीकडे पहिला टप्पा पाडायला सांगा.

एक गोष्ट कटाक्षानं पाळा. मोकळ्या मैदानावर, जिथे लोक फिरायला येतात तिथे, पूर्ण ताकदीचा फटका कधीही मारायचा नाही. चांगल्या खेळाडूच्या ड्रायव्हरवरून (सगळ्यात लांब मारायच्या क्लबवरून) निघालेला चेंडू ताशी २०० किलोमीटरच्या पुढे असतो. लहान मुलाचा फटकाही डोळा घालवू शकतो. पूर्ण फटके मारायचे तर जाळीतच.

पहिला सेट कोणता घ्यावा? काका म्हणतात मोठ्यांच्या क्लब कापून देऊ.

काकांना प्रेमानं नाही म्हणा. मोठ्यांची क्लब कापली की लांबी कमी होते, पण शाफ्ट (दांडा) जास्त कडक होतो आणि डोकं मुलाच्या हाताला जडच राहतं. मूल मग मनगटानं ओढायला लागतं आणि ती सवय पुढे काढताना फार त्रास होतो. लहान मुलांचा पाच-सहा क्लबचा सेट घ्या. जुना मिळाला तरी चालेल. नियमानं पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात, पण त्या भरायची घाई नको.

शिरोली आणि गोकुळ शिरगावकडचे फाउंड्रीवाले पालक हमखास विचारतात की आयर्नचं, म्हणजे धातूच्या पात्याच्या क्लबचं, डोकं कास्टिंग (ओतीव) असतं की फोर्जिंग (घडीव). दोन्ही मिळतात. कास्ट डोकी बहुतेक स्टेनलेस स्टीलची, इन्व्हेस्टमेंट कास्टिंगनं बनतात, टिकतात आणि चुकीच्या फटक्यालाही सांभाळून घेतात. फोर्ज्ड डोकी नरम कार्बन स्टीलची असतात आणि त्यांचा कोन खेळाडूच्या उंचीप्रमाणे वाकवून घेता येतो. मुलांना कास्टच द्या. चेंडूही जुने चालतात. टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, वापरतात तो एक नवीन चेंडू तीनशे-चारशेच्या घरात जातो आणि पहिल्या वर्षी निम्मे झुडपात जाणार आहेत.

हँडिकॅप म्हणजे काय?

तुम्हाला पारपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात, म्हणजे तुम्ही किती चांगलं खेळता, याचा आकडा. शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सगळ्यात चांगल्या ८ फेऱ्यांवरून तो काढतात. नवशिक्याचा जास्तीत जास्त ५४ असतो. तो जितका कमी, तितका खेळाडू चांगला. शून्याच्याही पलीकडे गेलेल्यांना प्लस हँडिकॅप म्हणतात, आणि व्यावसायिक व्हायचा विचार करणाऱ्यानं आधी तिथे पोचलेलं बरं. मुलगा आठ हँडिकॅपचा आहे, क्लबात सगळे वाहवा करतात, म्हणून कॉलेज सोडून प्रो (व्यावसायिक) व्हायचं म्हणतोय, असं कुणी सांगितलं तर मी त्याला दोन वर्षं थांबायला सांगतो.

हौशी खेळाडूचा व्यावसायिक कसा होतो?

भारतात हौशी गोल्फचं काम इंडियन गोल्फ युनियन बघते. १९५५ मध्ये तिची स्थापना झाली. वयोगटाप्रमाणे ज्युनियर स्पर्धा असतात, त्यांची वर्षाची क्रमवारी लागते आणि वरची मुलं राष्ट्रीय संघाच्या निवडीत येतात. सोळा-सतरा वर्षांचं मूल देशभरातल्या आपल्या वयाच्या मुलांत कुठे बसतंय, याचं उत्तर गावातल्या कौतुकातून मिळत नाही. ते या क्रमवारीत मिळतं.

हौशी असताना बक्षीस घेण्यावर मर्यादा आहे. २०२२ पासून नियम सैल झाले, रोख बक्षीसही घेता येतं, पण ७०० पौंड किंवा १,००० डॉलरच्या आत. त्यापुढचं घेतलं की हौशी दर्जा जातो. तो परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो, पण वाट बघावी लागते. त्यामुळे कुठल्याही स्पर्धेतला चेक घेण्याआधी आयोजकांना विचारा.

व्यावसायिक बाजूला २००६ मध्ये सुरू झालेली प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया आहे. सगळे तिला पीजीटीआय म्हणतात. तिथे खेळायचं तर क्वालिफाइंग स्कूल पार करावं लागतं, ज्याला क्यू-स्कूल म्हणतात. नावात स्कूल असलं तरी ती चुरशीची स्पर्धाच असते. आधी प्राथमिक टप्पा, मग अंतिम टप्पा, आणि वरच्या मोजक्यांना वर्षभराचं कार्ड, म्हणजे टूरवर खेळण्याचा हक्क, मिळतं. त्यात पहिल्यांदा आलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलं असतात आणि मागच्या वर्षी कार्ड गमावलेले चाळिशीतले खेळाडूही. २०२५ पासून इंडियन गोल्फ प्रीमियर लीग ही वेगळी मालिकाही सुरू झाली आहे. क्यू-स्कूलला जाण्याआधी त्या कोर्सवर निदान दोन-तीन सराव फेऱ्या व्हाव्यात. प्रवासाचे पैसे वाचवण्यासाठी आदल्या रात्री पोचणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

स्पर्धेचा आठवडा कसा असतो?

प्रवास, एक-दोन सराव फेऱ्या आणि मग चार दिवसांत ७२ होल. रोज आठ-दहा किलोमीटरची चाल. देशी टूर दिल्ली, चंडीगड, जयपूर, अहमदाबाद, कोलकाता, जमशेदपूर, बंगळुरू अशी फिरते. आसामात डिगबोईलाही स्पर्धा होते. कोल्हापूरच्या खेळाडूला यातल्या बहुतेक ठिकाणी जायला आधी पुणं किंवा मुंबई गाठावी लागते.

पहिल्या दोन दिवसांनंतर कट लागतो. पीजीटीआयवर बहुतेक ठिकाणी पहिले ५० आणि त्यांच्याइतकेच फटके असलेले पुढे जातात, बाकीचे पिशवी भरतात. कट चुकलेल्याला बक्षिसाच्या रकमेतून काहीच मिळत नाही. विमानाचं तिकीट, हॉटेल, कॅडी, सगळं खिशातून. दुसऱ्या दिवशी दुपारी सतराव्या होलवर उभा असलेला खेळाडू एका फटक्यानं कटच्या आत किंवा बाहेर असतो. पालकांनी एकदा तरी तिथे उभं राहून ते बघावं. ते बघितल्यावर घरी आलेल्या मुलाला "किती नंबर आला?" हा पहिला प्रश्न कुणी विचारत नाही.

आणखी एक, स्कोअरकार्डबद्दल. गोल्फमध्ये प्रत्येकामागे पंच नसतो. आपला स्कोअर सोबतचा खेळाडू लिहितो आणि आपण तपासून सही करतो. एखाद्या होलवर खऱ्यापेक्षा कमी फटके लिहिलेल्या कार्डावर सही केली तर खेळाडू बाद. जास्त लिहिलेल्यावर केली तर तोच स्कोअर कायम. १९६८ च्या मास्टर्स या अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेत अर्जेंटिनाचे रॉबर्टो दे व्हिसेंझो यांच्या कार्डावर एका होलला तीनऐवजी चार लिहिले गेले, त्यांनी तशीच सही केली आणि त्या एका फटक्यापायी विजेतेपदाच्या प्लेऑफची (बरोबरीनंतरच्या निर्णायक खेळाची) संधी गेली. झुडपात कुणी बघत नसताना आपल्याकडून चेंडू हलला तरी स्वतःवर दंड लावायचा असतो. मुलाला पहिल्या दिवसापासून स्वतःचं कार्ड स्वतः भरायला लावा, आणि सरावातही पायानं चेंडू सारू देऊ नका.

पैसे किती मिळतात? खरं सांगा.

पीजीटीआयवर एक कोटीची स्पर्धा असेल तर विजेत्याला साधारण १५ लाख मिळतात. खाली येता येता रक्कम भराभर उतरते आणि कट पार करून तळाला राहिलेल्याच्या हातात येणारी रक्कम लाखाच्या बरीच खाली असते. त्यातून कर कापला जातो, कॅडीचे पैसे आणि त्याचा वाटा जातो, प्रवास आणि हॉटेल जातं. म्हणजे सतत कट पार करणारा पण वरच्या दहात न येणारा खेळाडू वर्षअखेरीस जेमतेम खर्च भरून काढतो. विजेत्याचा फोटो पेपरात येतो म्हणून पंधरा लाखांचाच आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो.

वरच्या टोकाला आकडे वेगळे आहेत. अमेरिकेच्या पीजीए टूरवर विजेत्याला एकूण रकमेच्या सुमारे १८ टक्के मिळतात. २०२२ च्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये पुण्यात जन्मलेले अनिर्बान लाहिरी एका फटक्यानं दुसरे आले आणि त्यांना सुमारे २१.८ लाख डॉलर मिळाले. पण ते तिथे पोचले कित्येक वर्षं आशियात खेळून.

पालकांनी मनाशी ठरवायची गोष्ट ही, की प्रो झाल्यावर पहिली तीन वर्षं घरातून पैसे जाणार आहेत. ती रक्कम आधी कागदावर मांडा, मुलाला बसवून दाखवा. जमीन विकून किंवा व्याजानं काढून खेळवू नका. कर्जाच्या हप्त्याचा विचार डोक्यात असलेला मुलगा चार फुटांचा पट घालू शकत नाही. हे मी कॅडी म्हणून जवळून बघितलं आहे. ओळखीच्या कारखानदाराकडे, साखर कारखान्याकडे, जिल्ह्यातल्या संस्थेकडे मदत मागायची तर एकरकमी न मागता ठरावीक स्पर्धांचा प्रवासखर्च मागा. देणाऱ्यालाही ते सोपं जातं, आणि प्रत्येक स्पर्धेनंतर निकालाचं पत्र न चुकता पाठवा.

परदेशातल्या टूरपर्यंत भारतीय पोचतात का?

पोचतात. जीव मिल्खा सिंग १९९३ मध्ये प्रो झाले, १९९८ मध्ये युरोपियन टूरवर गेलेले पहिले भारतीय ठरले, आणि त्यांचं सगळ्यात मोठं वर्ष उजाडलं २००६ मध्ये. त्या वर्षी त्यांनी चायना ओपन आणि स्पेनमधली व्होल्वो मास्टर्स जिंकली, आशियाई टूरच्या क्रमवारीत पहिले आले. प्रो होऊन तेरा वर्षं झाली होती. २००७ मध्ये मास्टर्स खेळणारे ते पहिले भारतीय.

अर्जुन अटवाल यांची गोष्ट मला त्याहून जवळची वाटते. २०१० मध्ये दुखापतीनंतर त्यांचं पीजीए टूरचं कार्ड गेलं होतं. विंडहॅम चॅम्पियनशिपसाठी त्यांना सोमवारची पात्रता फेरी खेळून जागा मिळवावी लागली, आणि रविवारी ते ती स्पर्धा जिंकले. पीजीए टूर जिंकणारे पहिले भारतीय. सोमवारी पात्र ठरून रविवारी जिंकणारा खेळाडू त्या टूरवर २४ वर्षांत झाला नव्हता.

वाट साधारण अशी असते: देशी टूर, मग आशियाई टूर, मग युरोपात डीपी वर्ल्ड टूर (आधीची युरोपियन टूर) किंवा अमेरिका. प्रत्येक पायरीला पुन्हा पात्रता.

मुलींना संधी आहे का?

आहे, आणि माझ्या मते सध्या मुलींना मार्ग थोडा मोकळा आहे, कारण खेळणाऱ्या कमी आहेत. विमेन्स गोल्फ असोसिएशन ऑफ इंडियाची महिलांची व्यावसायिक टूर आहे. बक्षिसं पुरुषांपेक्षा कमी असतात, हेही खरं.

बंगळुरूच्या अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथ्या आल्या. पदकाच्या प्लेऑफला एक फटका कमी पडला. तिथे त्यांची पिशवी आईनं उचलली होती, २०१६ च्या रिओला वडिलांनी. हरियाणाच्या दीक्षा डागर यांना ऐकू येत नाही. त्यांनी युरोपियन महिला टूरवर दोन स्पर्धा जिंकल्या आणि डेफलिंपिक्समध्ये (कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये) सुवर्ण मिळवलं. प्रणवी उर्स मैसूरच्या, म्हणजे मुंबई-दिल्लीतून न आलेल्या. मैसूरला कोर्स शहरातच आहे, आपल्याला तो नाही. इथे पुन्हा अंतराचाच मुद्दा येतो. मुलीला पुण्यात एकटीला ठेवायचं का, हा प्रश्न आया मला हळू आवाजात विचारतात. पहिली दोन वर्षं घरातलं कुणीतरी सोबत राहावं, आजी-आजोबा राहिले तरी चालेल, आणि मुलगी आहे म्हणून स्पर्धा कमी करू नयेत, एवढंच माझं सांगणं.

ऑलिंपिकचं काय?

११२ वर्षांनी २०१६ मध्ये गोल्फ ऑलिंपिकमध्ये परतलं. पुरुष आणि महिला गटात ६०-६० खेळाडू असतात आणि जागतिक क्रमवारीतून निवड होते. एका देशाचे बहुतेक वेळा दोनच. पुण्याचे उदयन माने टोकियोला गेले ते दुसऱ्या देशाच्या खेळाडूनं माघार घेतल्यावर राखीव यादीतून. म्हणून क्रमवारीतला एकेक गुण जपायचा असतो.

शिक्षण सोडावं लागेल का?

बारावीपर्यंत अजिबात नाही. त्यानंतर दूरशिक्षणातून पदवी करता येते. चांगलं खेळणाऱ्या आणि अभ्यासात बऱ्या असलेल्या मुलांना अमेरिकेतल्या कॉलेज गोल्फची शिष्यवृत्तीही मिळू शकते. जीव मिल्खा सिंग टेक्सासमध्ये शिकत असताना १९९३ मध्ये कॉलेज गोल्फची दुसऱ्या विभागातली वैयक्तिक स्पर्धा जिंकले होते. शिव कपूर पर्ड्यू विद्यापीठात शिकले आणि २००२ मध्ये बुसानच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. त्यासाठी नववीपासूनच इंग्रजीकडे आणि गुणांकडे लक्ष हवं.

खेळाडू म्हणून जमलं नाही तर?

गोल्फमध्ये खेळाडूंपेक्षा इतर कामं जास्त आहेत. नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचे अभ्यासक्रम करून कोच होता येतं. स्पर्धांना नियमाधिकारी लागतात, क्लब बसवून देणारे लागतात.

आपल्या भागासाठी मला सगळ्यात योग्य वाटतं ते कोर्सच्या हिरवळीचं काम. भारतातल्या बहुतेक कोर्सवरचं बर्म्युडा गवत म्हणजे आपल्या हरळीचंच कुळ. उसात शिरली की शेतकरी जी उपटून उपटून थकतो, तिच्याच बारीक पानांच्या जाती ग्रीनवर लावतात आणि जवळपास रोज कापून तीन-चार मिलिमीटर उंचीवर ठेवतात. खाली वाळूचा थर, पाण्याचा निचरा, पावसाळ्यात बुरशी, उन्हाळ्यात पाण्याचं गणित. कृषी महाविद्यालयातून शिकून आलेल्या, घरी शेती असलेल्या मुलाला हे काम पटकन कळतं. चौरसियांचे वडील हेच करत होते. कोर्सवर राहणं, सकाळी आधी गवत बघणं आणि संध्याकाळी रिकाम्या फेअरवेवर (होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) स्वतः खेळणं, असा दिवस ज्याला मिळतो त्याचा खेळही सुटत नाही.

किती वयापर्यंत खेळता येतं?

इतर खेळांपेक्षा बरंच जास्त. फिल मिकलसन २०२१ मध्ये पन्नासाव्या वर्षी पीजीए चॅम्पियनशिप जिंकले. पन्नाशीनंतर ज्येष्ठांच्या वेगळ्या टूर आहेत. त्यामुळे बाविसाव्या वर्षी कार्ड मिळालं नाही म्हणून सगळं संपलं असं धरू नका. पंचविशीपर्यंत क्यू-स्कूलच्या दोन-तीन संधी घेऊन मग घरात बसून बोलावं, असं मी सुचवतो.

पुण्याला पहिल्यांदा कोर्सवर नेताना काय लक्षात ठेवावं?

आधी फोन करून पाहुण्यांना खेळू देतात का, फी किती आणि मुलांना कुठल्या वेळा आहेत ते विचारा. कॉलरचा टी-शर्ट पँटमध्ये खोचलेला हवा. जीन्स, गोल गळ्याचा टी-शर्ट आणि चप्पल बहुतेक ठिकाणी चालत नाही. सकाळची वेळ मिळाली असेल तर आदल्या दिवशीच पुण्यात मुक्काम करा, रात्रभर एसटीत बसून आलेल्या मुलाकडून काही होत नाही. टोपी, पाणी, डबा आणि पावसाळा असेल तर कोरड्या सॉक्सचा जोड.

दुसरा कुणी मारत असताना हलायचं नाही, बोलायचं नाही, त्याच्या पटच्या रेषेवर पाय द्यायचा नाही. ग्रीनवर चेंडूनं पडलेला खळगा बुजवायचा, बंकरमधून निघताना वाळू रेकनं सारखी करायची. मोबाईल बंद. वडिलांनी मागून सूचना देत फिरू नये, हे मी हात जोडून सांगतो.

आणि पहिल्या दिवशी कॅडी जरूर घ्या. मूल नवीन आहे हे त्याला सुरुवातीलाच सांगा आणि अठराही होल खेळायचा हट्ट धरू नका. नऊ पुष्कळ झाले. खेळ संपल्यावर कॅडीसोबत चहा घ्या आणि मुलाबद्दल त्याला काय वाटलं ते विचारा. वर्षानुवर्षं त्यानं शेकडो जणांची पिशवी उचललेली असते. सरावाला कुठे जागा मिळेल, कुठला कोच लहान मुलांशी नीट वागतो, जुना सेट कुणाकडे आहे, हे सगळं त्याला माहीत असतं.